डब्यातल्या चिठ्ठ्या: एचआयव्ही आणि लैंगिक आरोग्याबद्दल कॉलेजातली मुलं-मुली वारंवार विचारतात ते प्रश्न

मी प्राणिशास्त्र शिकवते आणि कॉलेजच्या रेड रिबन क्लबचं, म्हणजे एचआयव्हीबद्दल जागृती करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गटाचं, काम बघते. आमचं कॉलेज परभणी-हिंगोलीच्या पट्ट्यातलं. निम्मी पोरं एसटीनं ये-जा करणारी, उरलेली रूम करून राहणारी. पहिल्या वर्षी व्याख्यान झाल्यावर ‘कुणाला काही विचारायचंय का?’ म्हटलं की अख्खा हॉल पंख्याकडे बघायचा. मग बिस्किटांच्या एका रिकाम्या डब्याला चीर पाडली, कुलूप लावलं आणि सांगितलं, नाव न लिहिता चिठ्ठी टाका. आठवड्यात डबा भरला. काही चिठ्ठ्या डाव्या हातानं लिहिलेल्या होत्या, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून.

पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न खाली दिलेत. भाषा शक्य तिथं मुलांचीच ठेवली आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचा निर्णय डॉक्टरांकडेच.

एचआयव्ही झाला म्हणजे एड्स झाला ना?

नाही. एचआयव्ही हा विषाणू. तो रक्तातल्या सीडी४ नावाच्या पांढऱ्या पेशींत शिरतो आणि त्यांची संख्या हळूहळू कमी करतो. बाकीच्या प्रतिकार-फौजेला कामाला लावणाऱ्या पेशी याच. औषधाविना बरीच वर्षं गेली, या पेशी फार घटल्या आणि टीबी, न्यूमोनिया, बुरशीचे आजार अंगात ठाण मांडू लागले, की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. तिथवर पोचायला अनेकदा आठ-दहा वर्षं लागतात. वेळेवर गोळ्या सुरू केल्या तर ती अवस्था येतच नाही.

मधल्या वर्षांत माणूस ठणठणीत दिसतो. क्रिकेट खेळतो, पोलीस भरतीच्या मैदानावर धावतो. त्यामुळे ‘बघून कळतं’ हे डोक्यातून काढा. लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत काहींना ताप, घसादुखी, अंगावर पुरळ असं होतं. पण ते इतर कुठल्याही तापासारखंच असतं आणि आपोआप जातं.

एक गोष्ट मी दरवर्षी सांगते. भारतात एचआयव्हीची लागण पहिल्यांदा सापडली ती १९८६ साली, चेन्नईत. डॉ. सुनीती सॉलोमन (माहेरच्या गायतोंडे, म्हणजे आपल्याकडच्या) यांनी हा विषय सुचवला होता एका विद्यार्थिनीला, सेल्लप्पन निर्मला यांना, प्रबंधासाठी. रक्ताचे नमुने निर्मलांनी घरच्या फ्रिजमध्ये ठेवले आणि रात्रीच्या गाडीनं वेल्लोरला नेऊन तपासले. देशाला ही बातमी प्रबंध लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीमुळे कळली. प्रोजेक्ट कॉपी-पेस्ट करणाऱ्यांनी ऐकून ठेवा.

मेसमध्ये एकाच ताटात जेवलं, रूम पार्टनरचा टॉवेल वापरला, तर होतो का?

होत नाही. उष्टं पाणी, कटिंग चहा, संडास, अंथरूण, मिठी, गालावरचा किंवा ओठांवरचा मुका, घाम, डास, यातल्या कशानंही होत नाही. डासाच्या पोटात हा विषाणू वाढूच शकत नाही. डासानं पसरला असता तर पावसाळ्यात गोदाकाठी कुणी उरलं नसतं.

वाटा मोजक्याच आहेत: कंडोमशिवाय योनीमार्गे किंवा गुदमार्गे संबंध (गुदमार्गे धोका जास्त), लागण असलेलं रक्त चढवणं, एकाच सुईनं नशेची इंजेक्शनं घेणं, आणि उपचार न घेणाऱ्या आईकडून बाळाला गर्भात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून. मुखमैथुनातून एचआयव्हीची शक्यता फार कमी, पण गरमी (सिफिलिस), परमा (गोनोरिया), गुप्तांगाची नागीण (हर्पिस) हे मात्र तिथूनही येतात.

न्हाव्याचा वस्तरा? आणि माळेगावच्या जत्रेत गोंदवून घेतलं, त्याचं काय?

विषाणू हवेत फार टिकत नाही, त्यामुळे न्हाव्याच्या दुकानातून एचआयव्ही होण्याची भीती नगण्य. तरी नवं पातं लावायला सांगा, कारण हिपॅटायटिस बी नावाची कावीळ आहे, तिचा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवससुद्धा जगतो. जत्रेत एकाच मशीननं आणि एकाच शाईच्या वाटीतून पन्नास जणांच्या हातावर ‘आई’ आणि बदाम काढले जातात. तिथं माझी काळजी जास्त काविळीची आहे. सुई समोर पाकिटातून काढली नाही, तर हात पुढे करू नका.

एकदाच झालं. घाईत. कंडोम नव्हता. आता?

डब्यात सगळ्यात जास्त येणारी चिठ्ठी हीच. बहुतेक वेळा खाली ‘प्लीज लवकर सांगा’ असं लिहिलेलं असतं आणि तारीख नसते.

तारीख महत्त्वाची आहे, म्हणून आधी तेवढं सांगते. घटनेला ७२ तास उलटले नसतील तर आत्ता, हे वाचणं सोडून, जिल्हा रुग्णालयाच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या तातडीच्या विभागात जा आणि ‘पेप’बद्दल विचारा. लागण रोखणाऱ्या या गोळ्या २८ दिवस रोज घ्यायच्या असतात आणि जितक्या लवकर सुरू होतील तितका उपयोग जास्त. पहिल्या दोन तासांत सुरू झाल्या तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. सुई टोचलेली नर्स आणि बलात्कार झालेली व्यक्ती यांच्यासाठी या गोळ्यांची सोय सरकारी दवाखान्यात असायलाच हवी. बाकीच्यांबाबत डॉक्टर धोका पाहून ठरवतात.

७२ तास उलटून गेले असतील तर? श्वास घ्या. एका वेळच्या संबंधातून लागण होण्याची शक्यता आकड्यात कमीच असते, समोरच्याला लागण असली तरीही. पण एकाच वेळेत झालेलीही माणसं आहेत, म्हणून तपासणी करायची. लगेच दुसऱ्या दिवशी केलेली तपासणी काही सांगत नाही. शरीराला प्रतिपिंडं (विषाणूविरुद्धची प्रथिनं, चाचणीत दिसतात ती) तयार करायला वेळ लागतो आणि त्या काळात रिपोर्ट निगेटिव्ह येऊनही लागण असू शकते. याला विंडो पिरियड म्हणतात. म्हणून एकदा आता, नंतर तीन महिन्यांनी पुन्हा. मधल्या काळात संबंध आलाच तर कंडोम, आणि रक्तदान नाही.

एका मुलानं तीन महिन्यांत सात वेळा तपासणी केली. सातही वेळा निगेटिव्ह. आठव्यांदा निघाला तेव्हा मी त्याला समुपदेशकाकडे घेऊन बसले. त्याला छळत होता तो विषाणू नव्हता, आपण पाप केलं ही समजूत होती. अशी रात्र जड जात असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, फोन आहे, फुकट.

तपासणी कुठं करायची? आणि तिथं ओळखीचं कुणी भेटलं तर?

पहिल्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं: ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात आयसीटीसी असतं, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वाराती, लातूर, नांदेड इथल्या मेडिकल कॉलेजांतही आहेच. तपासणी फुकट.

खरा प्रश्न दुसऱ्या अर्ध्यात आहे. पोरं एचआयव्हीला जेवढी भितात, त्याहून जास्त भितात दवाखान्याच्या दारात भेटणाऱ्या गावच्या मामाला. आपल्याकडे तालुक्याच्या दवाखान्यात कुणीतरी भेटतंच. केसपेपर काढणाऱ्या खिडकीत चुलत्याचा साडू असतो, सलाइन लावणारी ताई आत्याच्या शेजारची. ‘कामून आलास बा?’ हा प्रश्न रिपोर्टच्या आधी घरी पोचतो.

यावर माझा सल्ला व्यवहारी आहे. आपल्याच तालुक्यात करा असा नियम कुठंही नाही. परभणीच्या मुलानं नांदेडला करावी, बीडच्या मुलीनं संभाजीनगरला. एसटीचं तिकीट हीच काय ती फी. केसपेपरच्या खिडकीत ‘रक्त तपासायचंय’ एवढं म्हटलं तरी पुरतं. आयसीटीसी बऱ्याचदा प्रयोगशाळेच्या किंवा टीबी विभागाच्या जवळ असतं, आणि तिथं फक्त एचआयव्हीचीच माणसं बसलेली नसतात. प्रत्येक गरोदर बाईची आणि टीबीच्या प्रत्येक पेशंटची एचआयव्ही तपासणी होते, म्हणजे बाकावर तुमच्या शेजारी हिरवी फाईल घेतलेली सात महिन्यांची गरोदर वहिनी असेल आणि खोकणारे आजोबा असतील.

आत समुपदेशक दार लावून बोलतात. का आलात, कधी काय झालं, आधी कधी तपासलं का, असं विचारतात. खरं सांगा, त्यांनी तुमच्याहून कितीतरी जास्त ऐकलेलं असतं. मग तुमची संमती घेऊन रक्त घेतात. तुम्हाला एक नंबर मिळतो आणि नमुना त्या नंबरानं जातो. पहिल्या किटवर निगेटिव्ह आलं की झालं. काही दिसलं तर तेच रक्त आणखी दोन वेगवेगळ्या किटवर तपासतात आणि तिन्ही जुळले तरच पॉझिटिव्ह म्हणतात. रिपोर्ट बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी मिळतो, तुमच्याच हातात. वय १८ पूर्ण असेल तर घरच्यांना कळवत नाहीत, कॉलेजलाही नाही.

सगळीकडे हे इतकं नीट होतं असं म्हणणार नाही. आमच्या एका मुलीला एका दवाखान्यात (नाव घेत नाही) बाहेरच्या माणसानं ‘एचआयव्हीवाली कोण?’ असं ओरडून बोलावलं. ती रक्त न देताच बसस्टँडवर निघून आली. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावी गेलो, मी सोबत गेले. ओरडणाऱ्याविरुद्ध तक्रार करता येते. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ चा आहे आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यात संमतीशिवाय तपासणी आणि स्थिती उघड करणं, दोन्हीला मनाई आहे.

जायच्या आधी नुसतं बोलायचं असेल तर १०९७ वर फोन करा. हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा नंबर, टोल फ्री. नाव सांगावं लागत नाही.

नेत्याच्या वाढदिवसाला रक्तदान करतो. तिथं तपासतातच की, वेगळं कशाला?

रक्तपेढी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, गरमी आणि मलेरिया तपासते हे खरं. पण शंका आहे म्हणून रक्त देणं म्हणजे विंडो पिरियडमधलं रक्त कुणाच्या तरी बाळंतिणीला चढवण्याचा धोका पत्करणं. शंका असेल तर आयसीटीसी. शंका नसेल तर रक्तदान जरूर करा, मिळालेलं हेल्मेट घेऊन या.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर पुढं काय राहिलं?

डिग्री राहिली, नोकरी राहिली, लग्न राहिलं, पोरंबाळं राहिली. दिलासा म्हणून बोलत नाही, हिशेब सांगते.

भारतात १ एप्रिल २००४ पासून एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला रोखून धरणाऱ्या उपचाराची, औषधं सरकारी केंद्रांत फुकट मिळतात. आधी सीडी४ किती यावर औषध सुरू व्हायचं. २०१७ पासून तसं नाही, लागण कळली की औषध सुरू. बहुतेकांना आता दिवसाला एकच गोळी असते, तीत टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर अशी तीन औषधं एकत्र. गोळी विषाणूला पुरतं हुसकावत नाही, म्हणून ती आयुष्यभर. शुगरच्या पेशंटसारखंच. पण रोज घेतली तर विषाणूची वाढ थांबते, प्रतिकारशक्ती सावरते आणि माणूस जवळजवळ इतरांएवढंच जगतो.

आणि हे कुणी सांगत नाही म्हणून ठळक लिहिते: नियमित औषधानं रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. हजारो जोडप्यांच्या-रात्रींच्या हिशेबाचे मोठे अभ्यास झालेत, आणि त्यात अशा व्यक्तीकडून जोडीदाराला लागण झाल्याचं एकही प्रकरण सापडलं नाही. गोळी बुडवली की मात्र विषाणू पुन्हा वर येतो, कधी कधी औषधाला दाद न देणारा होऊन. आईला उपचार मिळाला तर बाळ निगेटिव्ह जन्मण्याची शक्यता खूप मोठी. उपचाराविना १०० पैकी १५ ते ४५ बाळांना लागण होते, उपचारानं हे प्रमाण ५ च्या खाली येतं.

कॉलेजसाठी गाव बदललं तर एआरटीचं नाव एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात हलवता येतं. केंद्रातल्या ताईंना विचारा, त्यांना हे रोजचं आहे.

आमच्या वर्गातल्या एकाला आहे असं ऐकलं. हॉस्टेलमधून काढायला पाहिजे का?

ऐकलं कुणाकडून? ज्यानं सांगितलं त्यानं आधी कायदा मोडला असण्याची शक्यता आहे.

काढता येत नाही. शिक्षण, नोकरी, भाड्याची खोली, दवाखाना, कुठंही एचआयव्ही आहे म्हणून भेदभाव करायला २०१७ च्या कायद्यानं मनाई आहे. नोकरी किंवा प्रवेशासाठी एचआयव्ही तपासणीची अट घालायलाही.

आता थोडं वेगळं बोलते. गोळ्यांवर जन्मापासून वाढलेली मुलं आता तुमच्या वयाची झाली आहेत. औसा तालुक्यातल्या हासेगावला रवी बापटले यांचं ‘सेवालय’ आहे, बीडजवळ पालीला दत्तात्रय बारगजे यांचं ‘इन्फंट इंडिया’. तिथं वाढलेली मुलं शिकतात, नाचतात, गातात. यांनी कुठलीही ‘चूक’ केलेली नव्हती. (केली असती तरी औषधाचा आणि खोलीचा हक्क तेवढाच राहिला असता, हेही लगेच लिहिते, नाहीतर ‘निष्पाप’ आणि ‘दोषी’ अशा दोन रांगा लागतात.)

आमच्याच एका सहलीत रात्री नऊला एका मुलीच्या मोबाइलचा गजर वाजला. तिनं बॅगेतून बी-कॉम्प्लेक्सची जुनी बाटली काढली, आतली गोळी घेतली, पाणी प्यायली. शेजारची म्हणाली, ‘मला पण दे की, तोंड आलंय.’ तिचा हात क्षणभर थांबला. मग म्हणाली, ‘ही संपली गं, उद्या घेऊ.’ बाटलीवरचं लेबल नखानं अर्धं सोललेलं होतं. मी खिडकीबाहेर बघितलं.

हे ड्रायव्हर लोकांचं, ऊसतोडीवाल्यांचं ना? आपल्याला कशाला?

ज्यानं ही चिठ्ठी टाकली त्याच्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्याचे आई-वडील दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जातात. महिनोन् महिने घरापासून लांब राहणं, दवाखाना हाताशी नसणं, यानं धोका वाढतो. तो वाढतो कंडोमशिवायच्या संबंधानं. व्यवसायानं नव्हे, जातीनं तर नव्हेच. पुण्यात आयटीत नोकरी करणाऱ्यालाही विषाणू पगाराची स्लिप विचारत नाही.

कंडोम मेडिकलवर मागायचा कसा? दुकानदार बाबांचा मित्र आहे.

न मागताही मिळतो. सरकारी दवाखान्यात ‘निरोध’ फुकट असतो, हा ब्रँड १९६८ पासून चालू आहे. आयसीटीसीत अनेकदा दाराजवळ डबाच ठेवलेला असतो. ऑनलाइन मिळतो. आणि दुसऱ्या गल्लीतलं मेडिकल तर असतंच. दुकानदार वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत देतो, जणू बॉम्बच. त्याला रोज वीस जण मागतात. तो तुम्हाला विसरतो, तुम्हीच त्याला विसरत नाही.

मागण्यापेक्षा वापरण्यात चुका जास्त होतात. तारीख बघा. पाकीट बोटांनी दाबून आत हवा आहे का बघा, हवा नसेल तर ते फुटलेलं आहे. दातानं फाडू नका. टोकाला चिमटीत धरून हवा काढा, मग पूर्ण ताठरतेवर सुरुवातीपासूनच घाला, ‘शेवटी घालू’ नाही. बाहेर पडताना बुडाशी धरा. एक कंडोम एकदाच. दोन एकावर एक चढवले तर घासून फाटण्याची भीती वाढते.

आणि आपल्याकडची खास चूक: खोबरेल. कोरडं वाटलं म्हणून खोबरेल तेल, व्हॅसलीन, बॉडी लोशन लावतात. तेलानं लॅटेक्स काही मिनिटांत कमकुवत होतं. लागलंच तर पाण्यात विरघळणारी जेली घ्या. दुसरं, पाकीट बाइकच्या डिक्कीत किंवा पँटच्या मागच्या खिशात महिनाभर. मे महिन्यात परभणीत ४२-४३ अंश असतं, डिक्कीत त्याहून जास्त. तिथं चॉकलेटसुद्धा टिकत नाही.

मुलींनीही जवळ ठेवावा. ‘मग त्याला वाटेल मी तसली आहे’, अशी चिठ्ठी आली होती. ज्याला असं वाटेल, त्याच्याबद्दल तुम्हाला वेळेत कळलं म्हणायचं.

७२ तासांची गोळी घेतली की मग टेन्शन नाही ना?

गर्भाचं टेन्शन कमी होतं, एचआयव्हीचं नाही. ही गोळी आणि वर सांगितलेलं ‘पेप’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ७२ तास दोन्हीकडे आल्यामुळे सगळे गोंधळतात. गर्भरोधक गोळी जितकी लवकर तितकी चांगली. दर महिन्याला घ्यायची ती नव्हे, पाळीचं चक्र विस्कटतं. आणि गर्भ राहिल्यावर घेतली तर तिचा उपयोग होत नाही.

पाळी चुकली तर लघवीच्या पट्टीनं तपासा, मेडिकलवर मिळते. गर्भपाताच्या गोळ्या मित्राकरवी मागवून खोलीत घेऊ नका. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही, नळी फुटून जीव जाऊ शकतो. कायद्यानं २० आठवड्यांपर्यंत नोंदणीकृत डॉक्टरांच्या मतानं गर्भपात करता येतो, अविवाहित मुलीलाही. १८ वर्षं पूर्ण असतील तर फक्त तिची संमती लागते, आई-बापाची किंवा जोडीदाराची नाही.

अकरावी-बारावीवाल्यांसाठी वेगळं: १८ च्या आत ‘दोघांच्या मर्जीनं’ असं काही कायदा मानत नाही. पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) लागतो आणि डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं. तरी दवाखाना टाळू नका.

धातू जाते, अशक्तपणा आलाय. स्टँडजवळच्या वैद्यानं तीन हजारांचा कोर्स सांगितलाय.

तीन हजार वाचवा. हस्तमैथुनानं किंवा झोपेत वीर्य गेल्यानं अशक्तपणा येत नाही, नजर जात नाही, अवयव वाकडा होत नाही, पुढं मुलं होण्यात अडचण येत नाही. ‘चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब’ हे गणित तंबूतल्या काचेच्या बरण्यांशेजारीच शोभतं. वीर्य शरीर रोज तयार करतं. अशक्तपणा आहे तर हिमोग्लोबिन तपासा, आणि मेसमध्ये दोन वेळा काय जेवता ते मला सांगा. स्पर्धा परीक्षेची बरीच पोरं चहा-पोह्यावर दिवस काढतात.

एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘गुप्तरोग, निराश होऊ नका’ असं रंगवणाऱ्यांचं पोट तुमच्या न बोलण्यावर चालतं.

अंगावरून पांढरं जातं. सांगू कुणाला?

दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत पांढरट, वास नसलेला चिकट स्राव जाणं नॉर्मल. दह्यासारखा असेल आणि खाज असेल, हिरवट-पिवळा असेल, घाण वास येत असेल, ओटीपोटात दुखत असेल, तर डॉक्टर. यातलं बरंचसं संबंध न आलेल्या मुलींनाही होतं. तेव्हा ‘आई काय समजेल’ म्हणून सहा महिने सोसू नका.

तिथं फोड आलाय, दुखत नाही. आपोआप जाईल ना?

आपोआप जाईल, आणि हीच पंचाईत आहे. गरमीची पहिली जखम दुखत नाही आणि काही आठवड्यांत भरून येते. आजार आतच राहतो, वर्षांनी मेंदू-हृदयापर्यंत पोचू शकतो. पेनिसिलिनच्या इंजेक्शननं तो बरा होतो. लघवीला जळजळ, पू येणं हा बहुधा परमा किंवा तत्सम, तोही बरा होतो. अशी जखम उघडी असेल तर एचआयव्ही शिरायला वाट सोपी होते. सरकारी रुग्णालयातल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये यावर मोफत उपचार मिळतात. जोडीदारालाही न्या, नाहीतर औषध संपताच पुन्हा तेच.

या सगळ्यावर लस नाही का?

एचआयव्हीवर नाही. हिपॅटायटिस बीवर आहे, तीन डोस. एचपीव्ही या वेगळ्या विषाणूवरही आहे, जो गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर करतो. ती ९ ते १४ वर्षांत सर्वांत उपयोगी, पण २६ पर्यंत घेता येते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ २०२३ पासून बाजारात आहे.

मला मुलगेच आवडतात. मी मुलगा आहे. हा आजार आहे का?

नाही. गुन्हाही नाही, ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं तो प्रश्न मिटवला. गुदमार्गे संबंधात धोका जास्त असतो, म्हणून कंडोम आणि पाण्यातली जेली दोन्ही, आणि दर काही महिन्यांनी तपासणी. समुपदेशकाला हे मोकळेपणानं सांगितलं तर ते योग्य त्या तपासण्या सुचवतील. ॲपवर ओळख झालेल्याला एकट्यानं, अनोळखी जागी भेटू नका. लुटीचे प्रकार घडतात.

त्याच्याकडे माझे व्हिडिओ आहेत. नाही म्हटलं तर टाकेन म्हणतो.

म्हणजे तो गुन्हा करतोय. चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा, पैसे देऊ नका, १९३० वर किंवा सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करा. तिथं एकटीनं जाववत नसेल तर मला किंवा कुठल्याही मॅडमना सांग. आम्ही ‘तू पाठवलेच कशाला’ असं आधी विचारणार नाही.

बघण्याचा कार्यक्रम झाला. लग्नाआधी एचआयव्ही तपासणी मागावी का?

मागावी, आणि आधी स्वतःची दाखवावी. पत्रिका जुळवतो, जमिनीचा सातबारा बघतो, सोनं मोजतो, मग एका फुकट तपासणीला कसला मान-अपमान? सक्ती करता येत नाही, दोघांनी मर्जीनं करायची. सोबत हिमोग्लोबिन, थॅलसेमिया आणि रक्तगटही करून घ्या, म्हणजे ‘सगळ्याच तपासण्या केल्या’ असं मोठ्यांना सांगता येतं. दोन-तीन मुलींनी ही युक्ती वापरली. एकीच्या सासऱ्यांनी तर सोयाबीनच्या काट्यावरून थेट गाडी काढून दोघांना नेलं.

मॅडम, तुम्ही अक्षरावरून ओळखता का?

दोन अक्षरं ओळखू आली होती. प्रयोगवह्या मीच तपासते ना. तेव्हापासून डबा ग्रंथालयातल्या मावशी उघडतात. त्यांच्या मुलाचं कॉलेज वेगळं आहे, तो प्रश्न टाइप करून एका कागदावर मला देतो आणि चिठ्ठ्या मावशींच्या चुलीत जातात. डबा आता जिन्याखाली हलवलाय. समोरच्या कॅमेऱ्याच्या चौकटीत तो येत नाही. ऑफिसातल्या स्क्रीनवर मी स्वतः बघून आले.